वाऱ्याखालची जागा

मी सुकी मासळी विकते. त्यामुळे सकाळी दार उघडलं की आधी वारा कुठून येतोय ते बघते आणि मगच चहा ठेवते. माझं माहेर रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरचं. तिथे वारा बघायचा तो होडीसाठी. इथे राळेगावात मी तो बघते, कारण माझ्या जवळ्याचा आणि बोंबलांचा वास कुणाच्या अंगावर जाणार हे मला आधीच कळलेलं बरं असतं.

शाळा सातवीत सुटली. आईच्या डोक्यावरची पाटी माझ्या डोक्यावर आली आणि वह्या पोटमाळ्यावर गेल्या. पुढे लग्न झालं. नवरा गॅरेजात मिस्त्री. त्याच्या मालकानं इकडे गॅरेज काढलं, मालकामागे नवरा आला आणि नवऱ्यामागे मी. आई अजून फोनवर विचारते, "काय गो, तिथं दर्या नाही, तुझी सुकट घेतं तरी कोण?" मी सांगते, दर्या नाही म्हणूनच घेतात. भाऊ माहेराहून गोणी पाठवतो, ती यवतमाळला उतरते, आणि मी ती एस.टी.च्या टपावरून आणते. कंडक्टर नाक दाबतो आणि उतरताना पावशेर घेऊन जातो.

एक गोष्ट मात्र शाळेबरोबर सुटली नाही, ती म्हणजे धास्ती. छापील कागद दिसला की मला अजून घाम फुटतो. त्यात माझ्यासाठी कुठेतरी 'नाही' लिहिलेलं असणार, असंच वाटतं.

तालुक्यातल्या एका मोठ्या गावात बुधवारचा बाजार भरतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण जे घडलं ते कुठल्याही गावात घडलं असतं. सात वर्षांपूर्वी मी तिथे पहिल्यांदा गेले, तेव्हा एका प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, माहेरचा शाळा सोडल्याचा दाखला, नवऱ्याच्या मालकाची चिठ्ठी, आणि का कोण जाणे, लग्नाचा फोटोसुद्धा नेला होता. मैदानाला तारेचं कुंपण आणि पश्चिमेला रस्त्याच्या बाजूनं गेट. गोणी पायाशी ठेवून मी गेटात उभी राहिले. कुणाला विचारायचं ते कळेना, म्हणून गोणी उचलून बाजारातून पूर्वेच्या टोकापर्यंत गेले.

लाल मिरचीच्या ढिगामागून एक म्हातारी ओरडली, "कोनाले शोधून राह्यली वं बाई?"

"इथं बसायला परवानगी कुणाची घ्यायची?"

तिनं शेजारच्या लसूणवाल्याला ढोसलं. "आयकलं का? बाजारात बसाची परवानगी मांगते हे! कुठलची होय तू?"

"रत्नागिरीची."

लसूणवाला म्हणाला, "अरे वा, हापूस!"

"सुकट," मी म्हटलं.

दोघं इतके हसले की म्हातारीला ठसका लागला. डोळे पुसत ती म्हणाली, "मंग तं तुले जागा वाराच देईन." ज्या गोधडीवर ती बसली होती तिच्या उसवलेल्या टाक्यातून तिनं चिमूटभर कापूस ओढला, हात उंच केला आणि सोडून दिला. तो तरंगत तरंगत पूर्वेकडे पाण्याच्या टाकीकडे गेला. "पाह्य. तठी बस. तुह्या मांगं कोनी नाही. माह्या मिरचीची धूळबी तिकडंच जाते दुपारून. दोघी वाऱ्याखाली. एक गोटा आन अन् ठेव."

"गोटा कशाला?"

"तुह्या जागेवर. तू नाही आली तरी तो राहीन ना."

प्लास्टिकची पिशवी कुणी उघडायला सांगितली नाही. माझी जात, माझं गाव, माझं शिक्षण यांतलं काहीही त्या जागेला लागलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला काही मिळालं आणि त्यावर कुणाची सही नव्हती. मी त्या दिवशी टाकीमागे जाऊन रडले. नंतर दोन किलो जवळा खपला.

हळूहळू मला बाजार कळू लागला. वरवर बघितलं तर जो जिथे हवा तिथे बसलाय असं वाटायचं, पण प्रत्येक गोट्यामागे कारण होतं. कुंभार गेटाजवळ, कारण माठ घेतलेला माणूस तो उचलून लांब चालत नाही. कपडेवाला मधल्या निंबाखाली, कारण उन्हानं रंग उडतो. हारफुलंवाली त्याच्या बाजूला, कारण तिलाही सावली हवी आणि तिचा वास त्याला चालतो. जिलबीवाला मिरचीपासून सगळ्यांत लांब. धान्यवाला झाडाखाली कधीच नाही, वरून कावळे. आणि दिवाळी झाली की वारा फिरतो, पूर्वेकडून येऊ लागतो. त्या बुधवारी म्हातारी पुन्हा गोधडीतून कापूस काढते, उडवते, आणि आम्ही दोघी आपापले गोटे उचलून गेटाकडच्या टोकाला जातो. कुंभार आणि त्याच्या शेजारचा भांडेवाला मुकाट्यानं आमच्या टाकीकडच्या जागांवर येतात. थंडीत माठ कोण घेतं? हे कुठे लिहिलेलं नव्हतं. कुणी हा बाजार चालवत नव्हतं, आणि तरी तो चालत होता. मला टायफॉइड झाला तेव्हा तीन बुधवार मी गेले नाही. चौथ्या बुधवारी गेले तर माझा गोटा तसाच आणि भोवतीची जागा झाडून ठेवलेली.

मागच्या वर्षी होळीनंतर नवे ग्रामसेवक आले. तरुण, शर्ट खोचलेला, बोलायला गोड. त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगते. बाजाराच्या दिवशी गावातल्या एका बाळंतिणीची गाडी गेटात अडकली होती, ते त्यांनी पाहिलं. दोन कांदेवाल्यांची हाणामारी सोडवताना त्यांचाच चष्मा फुटला. ज्याचा आवाज मोठा त्याचं दुकान मोठं, हेही त्यांना दिसलं, आणि ते खोटं नव्हतं. तर त्यांनी ठराव केला. मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या, मधून गाडी जाईल एवढा रस्ता सोडला, जागांना आकडे घातले आणि सोडत काढली. म्हणाले, "आता मोठा-लहान कोणी नाही. ज्याचं नशीब त्याची जागा."

चिठ्ठ्या डब्यात होत्या. एकेकानं हात घालायचा. मला निघाला अकरा नंबर. निंबाच्या सावलीत, अगदी मध्यावर, एका बाजूला कपडेवाला आणि दुसऱ्या बाजूला हारफुलंवाली.

लोक म्हणाले, नशीब काढलं बाईनं. मी मात्र आधी वारा कुठून येतोय ते बघितलं.

पुढच्या बुधवारी सगळे मुकाट चुन्याच्या चौकटींत बसले. सकाळी दहापर्यंत ठीक होतं. मग वारा सुटला. पश्चिमेचा, गरम. मिरचीवाल्या म्हातारीला गेटाजवळचा चार नंबर आला होता, त्यामुळे तिच्या मिरचीची धूळ अख्ख्या बाजारावरून वाहत निघाली. जिलबीवाला नऊ नंबरला. गिऱ्हाईक जिलबी तोंडाशी नेई आणि शिंकून खाली पाडी. धान्यवाला निंबाखाली आला आणि कावळ्यांनी त्याची तूर आणि त्याचं टक्कल दोन्ही सजवलं. कुंभार टोकाला टाकीजवळ, तिथून माठ उचलून कुणी येईना. माझं काय सांगू? एक बाई हार घ्यायला वाकली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "देवाले बोंबलाचा हार घालू काय वं?"

कपडेवाला उठला. लुगडं नाकाशी नेलं, हुंगलं आणि मला म्हणाला, "बाई, तुह्याशी माहं भांडन नाही. पन हे लुगडं आता नवरीनं नेसावं का मांजरीनं?"

तो तक्रार करायला गेला. त्याच्यामागून जिलबीवाला. दुपारी बाराच्या सुमारास साहेब छत्री घेऊन आले, घामाघूम. माझ्यासमोर थांबले. "हे बघा, तक्रारी आल्यात. मासळी आणि मिरची दोन्ही रस्त्यापलीकडे. आत नको. पुढच्या आठवड्यापासून नाही, आत्तापासून."

रस्त्यापलीकडे म्हणजे नाला. तिथे ट्रक थांबतात. बाजार करून पिशवी भरलेली बाई रस्ता ओलांडून सुकट घ्यायला येत नाही, हे मला सहा वर्षांत कळलं होतं. तिथे जाणं म्हणजे दुकान बंद होणं. नवऱ्याचा पगार खोलीत जातो आणि घर या पाटीवर चालतं. आणि खरं सांगू, पैशापेक्षा मला ते टाकीजवळचं टोक गेल्याचं वाटलं. घरापासून इतक्या लांब माझ्या म्हणाव्या अशा दोनच जागा होत्या, खोली आणि तो गोटा.

मी गोणीत माल भरायला लागले. कुणी सरकारी माणूस काही म्हणाला की माझे हात आपोआप चालतात, हा माझा सातवीपासूनचा रोग. तेवढ्यात कपडेवाला पळत आला. "ओ साहेब! मी बाईले काढा नाही म्हटलं. मले हलवा म्हटलं होतं."

"तुमची चिठ्ठी बारा नंबरची आहे. तुम्ही हलू शकत नाही."

"काहून?"

"नियम आहे."

मिरचीवाली म्हातारी दुसऱ्या बाजूनं आली, कमरेवर हात. "नियमाले नाक नाही काय हो बापू?"

लोक हसले. साहेबांचा चेहरा उतरला. मला त्यांची दया आली आणि तेवढ्यानंच माझ्या तोंडातून आवाज निघाला असावा. मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, अर्धा तास द्या. आमच्या आम्ही चिठ्ठ्या बदलून घेतो. तुमची एक रेघ पुसली जाणार नाही. गाडीचा रस्ता तसाच राहील."

"नियमात तसं नाही, ताई."

"नाही म्हणजे मनाई लिहिलीय, की लिहायचं राहिलंय?"

आता लिहिताना हे वाक्य सोपं वाटतं. तेव्हा माझ्या कानांत शिट्टी वाजत होती. साहेबांनी फाईल उघडली. ठराव त्यांनीच लिहिलेला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला. परत वाचला. सगळा बाजार त्या बोटाकडे बघत होता.

"मनाई नाही," ते म्हणाले. मग घड्याळ बघितलं. "अर्धा तास. पण भांडण झालं की सगळं बंद."

तो अर्धा तास मी मरेपर्यंत विसरणार नाही. जो तो चिठ्ठी डोक्यावर धरून ओरडत होता. "चार कोनाले पाह्यजे, चार!" "मी चार घेतो पन मले सावली नको!" "सावली माह्याजवळ हाय, कावळे बी हायत, फुकट!" कुंभाराला गेट हवं होतं, ते म्हातारीकडे. म्हातारीला टाकी हवी होती, ती कुंभाराकडेच होती. त्यांचं एका मिनिटात जमलं. जिलबीवाल्याचं तिघांतून फिरून जमलं. कोण कुठे बसलं तर सगळ्यांचं भलं, हे एकट्याला कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येकाला फक्त आपलं नाक, आपलं ऊन आणि आपलं गिऱ्हाईक ठाऊक होतं. तेवढ्यावर भागत होतं.

माझं मात्र अडलं. म्हातारीच्या शेजारची, माझ्या गोट्याची जागा त्रेचाळीस नंबर, आणि ती निघाली होती पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, एका कोलाम बाईला. ती झाडू आणि बांबूच्या टोपल्या विकते. चिठ्ठी दोन्ही मुठींत धरून ती बसली होती.

"मी नाही देत," ती म्हणाली.

लसूणवाला म्हणाला, "अवं, ते जागा सुकटवालीची हाय. तुही तं गेटाबाहेर होती."

"गेटाबाहेरची जागा माही नव्हती. तठी मी बसत होती." तिनं मूठ आणखी आवळली. "कागद गेला का मी पुन्हा बाहेर."

चारजण तिच्याभोवती जमले. अवं दे ना, अर्धा तास संपून राह्यला, सगळ्यांचं झालं, तुह्या एकटीपाई काय? आवाज वाढत गेले. आणि मला अचानक लाज वाटली. सहा वर्षं मी गेटातून आत जाताना तिला पाहिलं होतं. उन्हात, ट्रकच्या धुरळ्यात. तिला कुणी हाकललं नव्हतं, हे खरं. पण तिला 'एक गोटा आन अन् ठेव' असंही कुणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही. आमच्या न लिहिलेल्या कायद्यात ती बसत नव्हती. तिला आत आणलं ते साहेबांच्या डब्यानं. आणि आता आम्ही तिच्याशी तेच करत होतो जे दुपारी बारा वाजता माझ्याशी झालं.

"सरका सगळे," मी म्हटलं. "तिची जागा आहे. ती नाही म्हणाली तर मी जाते नाल्यावर."

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. "येडी झाली काय वं?"

मी कोलाम बाईच्या समोर खाली बसले. "बाई, माझ्याकडे अकरा नंबर आहे. निंबाखाली. मधोमध. आधी बघून या. आवडला तर बदलू. नाही तर नाही."

ती उठली. घाई केली नाही. सगळ्या बाजारातून चालत अकरा नंबरपर्यंत गेली, चौकटीत उभी राहिली, वर झाडाकडे बघितलं, गेटाकडे बघितलं. कपडेवाल्याला विचारलं, "मी बसली तं चालते का?" तो म्हणाला, "माय, तू टोपल्याच इकतं ना? बस, बस!" हारफुलंवालीनं तिथल्या तिथे दोन टोपल्यांचा भाव विचारला. साहेब घड्याळ बघत होते. आम्ही सगळे तिच्या पायांकडे बघत होतो.

ती परत आली. "घेतो मी अकरा. पन ऐका. दिवाळी झाली का तुमी टोकं बदलता. मी नाही बदलनार. ते जागा माही."

"तुमचीच."

"अन् बदलाचं काही देशीन का नाही?"

"काय हवं?"

ती गोणीकडे वाकली, जवळा मुठीत घेऊन हुंगला. "ओंजळभर. आज भाकरीसंग. अन् जवा जवा तू जागा बदलवशीन, तवा तवा."

"मी जागा बदलण्याशी तुमचा काय संबंध?"

"मी अकरा घेतला नसता तं तुह्यापाशी बदलवाले जागा असती काय?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

चिठ्ठ्या बदलल्या. साहेबांनी शिट्टी वाजवली, पण त्याआधीच सगळे बसले होते. त्यांनी फाईल माझ्या टाकीजवळच्या कट्ट्यावर ठेवली आणि ठरावाखाली आपल्या हातानं एक ओळ वाढवली. मला वाचून दाखवली. जागाधारकांना परस्परांच्या राजीखुशीने जागा बदलता येईल. "ग्रामसभेत मंजूर करून घेतो," ते म्हणाले. "सूचक म्हणून तुमचं नाव टाकू?"

"मी इथली नाही साहेब. रेशनकार्डसुद्धा तिकडचं आहे."

"बाजारात बसता ना? मग झालं."

मी सही केली. माझी सही म्हणजे पूर्ण नाव, सातवीतल्या वळणानं, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब. छापील कागदावर माझ्या बाजूनं लिहिलेली ती पहिली ओळ. साहेबांनी विचारलं, "शिक्षण किती झालं ताई?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मला हे सुचायला पाहिजे होतं." मग खाकरले आणि पावशेर सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, मागितले. घरी शाकाहारी बायको आहे, कागदात नीट गुंडाळा, असंही म्हणाले. पैसे पुरे दिले.

संध्याकाळी आईला फोन केला. सगळं सांगितलं. तिला ठराव, सूचक वगैरे काही कळलं नाही. "म्हणजे जागा राहिली ना?" तिनं विचारलं. राहिली, म्हटलं. "मग जेव आता," ती म्हणाली.

धास्ती गेलेली नाही. दर बुधवारी एस.टी.त बसल्यावर मी तीनदा चिठ्ठी चाचपते. तिला लॅमिनेशन करून घेतलंय. जागेवर पोचले की ती मांडते आणि वर माझा जुना गोटा ठेवते, वाऱ्यानं जाऊ नये म्हणून. चुन्याच्या रेघा साहेब दर महिन्याला नव्यानं मारून घेतात, आणि मधला रस्ता आम्हीच मोकळा ठेवतो. मागे एका शेतकऱ्याला साप चावला तेव्हा गाडी आत येऊन त्याला घेऊन दोन मिनिटांत बाहेर पडली. ते श्रेय साहेबांचं. मी ते त्यांना सांगितलं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या बुधवारी म्हातारीनं गोधडीतून कापूस काढला आणि सोडला. तो गेटाकडे गेला. मी, म्हातारी, कुंभार आणि गेटाजवळचा भांडेवाला चौघांनी चिठ्ठ्या बदलल्या, साहेबांनी अदलाबदलीसाठी ठेवलेल्या वहीत सह्या केल्या आणि सामान उचललं. निंबाखालून जाताना दिसलं, कोलाम बाई टोपलीला काठ बांधत होती. आता तिच्या जागेवरही एक गोटा असतो, पिवळसर, पोडावरून आणलेला. तिनं मान वर केली नाही. फक्त एक रिकामी टोपली माझ्या वाटेत सरकवली.

मी गोणीचं तोंड सोडलं आणि जवळ्याची ओंजळ भरून तिच्यात टाकली. तिनं टोपलीत बघितलं, मग माझ्या हातांकडे.

"लहान ओंजळ हाय तुही," ती म्हणाली.

मी आणखी थोडा टाकला.